जोडबाही

दमयंती मैंदर्गीकरने आयुष्यात कधी कुठल्या मुलावर हात उचलला नव्हता, आणि या एका गोष्टीचा तिला जो अभिमान होता तो बाकी कशाचाच नव्हता. सोलापुरात टेनिस शिकवायला लागून तिला वीस वर्षं झाली. एका वेळी तीस पोरं, उन्हाळी वर्गात चाळीस. पोरं रॅकेटने एकमेकांना ढोसत, चेंडू मुद्दाम कुंपणापलीकडे घालवत. ती ओरडे, हसे, घसा बसवून घेई. पण हात खाली.

कारण तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर अजून बारीक पांढऱ्या रेघा होत्या. तिचे वडील, अप्पा, हेच तिचे कोच. बेसलाइनच्या मागे सायकलची जुनी ट्यूब हातात घेऊन उभे राहत. चेंडू जाळीत गेला की ट्यूब पोटरीवर. रडली की आणखी एक. त्या ट्यूबच्या धाकाने ती सतराव्या वर्षी राज्यात पहिली आली आणि अठराव्या वर्षी खांदा निखळून घरी बसली. अप्पा गेले तेव्हा तिने दिवसपाणी यथासांग केलं आणि मनाशी म्हटलं, हे माझ्यापाशी संपलं.

संपलेलं नव्हतं, हे तिला कळायला सन २०३८ उजाडावं लागलं.

त्या वर्षी शहरात एक नवी टेनिस प्रबोधिनी निघाली. कोच एक, विद्यार्थी एक, आणि दोघांच्या मध्ये यंत्र, अशी तिथली पद्धत. दमयंतीला बोलावणं आलं.

"एका वेळी एकच मूल," ती नवऱ्याला म्हणाली. "मला भीती वाटायला लागलीय हो. चाळीसजणांत माझी चूक लपते."

गुरुनाथबुवा कीर्तनकार. उद्याच्या कीर्तनासाठी उपरण्याला इस्त्री करत होते. मान वर न करता म्हणाले, "चाळीसजणांत पोराचंही दुःख लपतं. आता दोघंही उघडे पडाल. चांगलंच आहे की."

"तुम्हाला सगळंच चांगलं."

"चहा तेवढा वाईट झाला होता सकाळचा."

त्या यंत्राला सगळे जोडबाही म्हणत. दोन्ही मनगटांपासून मानेपर्यंत चढणारं, अंगाला चिकटून बसणारं कापड, पायांना तसेच लांब मोजे, छातीला श्वासाचा पट्टा आणि जबड्याला दोन इवल्याशा चकत्या. कापडात केसाहून बारीक असे तीनशे तंतू. आपला स्नायू आकसतो तेव्हा त्यात किंचितशी वीज खेळते. कोचच्या बाहीतले तंतू ती ऐकून घेत: कुठला स्नायू कधी जागा झाला, किती ओढला गेला, कुणाच्या मागून कोण. शिष्याच्या बाहीतले तंतू तेवढीच वीज त्याच क्रमाने शिष्याच्या स्नायूंना देत. एरवी शिकवणं कानातून मनात जातं, मनातून हातात उतरतं, आणि वाटेत निम्मं सांडतं. इथे हातातलं थेट हातात. शंभर-दोनशे वेळा तसं घडलं की मेंदू ती वाट आपलीच समजून चालू लागतो. श्वास आणि जबडा एवढ्यासाठी की चांगला फटका नुसत्या हाताने बसत नाही, त्यात सगळा माणूस उतरावा लागतो.

सगळा माणूस उतरावा लागतो, हे ठरवणाऱ्यांनी त्या माणसात काय काय असतं याचा विचार केला नव्हता.

दमयंतीचे फोरहँड तीन दिवस नोंदवले. एकूण हजार. त्यांतले सर्वांत वेगवान शंभर संगणक निवडणार आणि तेच विद्यार्थ्याला मिळणार. यंत्र सांभाळणारा केयूर देवस्थळी, अठ्ठावीस वर्षांचा, पुण्याहून आलेला, तिसऱ्या दिवशी दुपारी कुरकुरला. "मॅम, वेग नव्वदच्या पुढे जातच नाहीये. काहीतरी डोळ्यांसमोर आणा ना. कुणीतरी अजिबात न आवडणारं."

ती हसली. पुढचा चेंडू उसळला आणि त्याच्या पलीकडे तिला खाकी पँटचे दोन पाय दिसले. त्यांच्या बाजूला हलणारं ट्यूबचं टोक. तिने दात आवळले आणि मारला.

"एकशे अठरा," केयूर म्हणाला. "हां मॅम. हेच. असेच द्या."

तिने असेच दिले, अंधार पडेपर्यंत. घरी जाताना अंग हलकं वाटत होतं. त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

ओजस्वी येमुल साडेबारा वर्षांची होती. आई पद्मा शाळेत गणित शिकवायची. धाकटी बहीण वेदा सात वर्षांची. ओजस्वीचा खेळ देखणा होता, पण स्वभाव असा की आपला फटका समोरच्या मुलीला परतवता आला नाही की ही जाळीपाशी जाऊन "सॉरी हं" म्हणायची. पहिल्या दिवशी जोडबाही चढवून तिने दहा चेंडू मारले आणि डोळे विस्फारून आपल्याच हाताकडे बघत राहिली.

"मॅडम, हात आपोआप गेला की. अंगात आल्यासारखा."

"कसं वाटलं?"

"भारी. पण मारायच्या आधी पोटऱ्या आवळतात. कशाला?"

"जोर पायातूनच येतो," दमयंती म्हणाली. तिला तसंच वाटत होतं. आजवर कुणी तिला तो प्रश्न विचारला नव्हता.

दिवसाला तीनशे फटके. पंधराव्या दिवशी बाजूच्या कोर्टावरची माणसं खेळ थांबवून बघायला लागली. दुसऱ्या महिन्यात ओजस्वीने लातूरची स्पर्धा मारली, तिसऱ्यात सांगलीची. "सॉरी हं" कधी बंद झालं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. एक दिवस तिने रॅकेट खांबावर आपटून आपटून तिचा चुरा केला. केयूर म्हणाला, "चॅम्पियन लोकांचं असंच असतं मॅम." दमयंतीने तिला दोन दिवस सुट्टी दिली आणि अर्धा तास समजावलं.

मग एका सकाळी पद्मा एकटीच आली. "मॅडम, बोलायचं होतं जरा. वेदाचा हात मोडलाय. ओजूनं पिरगाळला."

"भांडल्या का?"

"भांडण कुठलं. वेदानं तिची वही उचलली, एवढंच. मोडला तरी सोडेना ही. मी पाठीत धपाटे घातले तेव्हा सुटला. मुंगी दिसली तर वळून जायची हो ही पोर. काय करायला लागलीय काय की, मलाच भीती वाटायलीय माझ्या लेकीची."

दमयंतीने वयाचं कारण सांगितलं. स्पर्धेचा ताण म्हणाली. पद्मा मान हलवून गेली. मुलीच्या नखांचा ओरखडा तिच्या गळ्यावर ताजा होता आणि तिने तो ओढणीने झाकला होता, हे दमयंतीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आठवड्याने सोलापूरच्याच स्पर्धेची अंतिम फेरी होती. समोर नागपूरची मैथिली नावाची मुलगी, चुणचुणीत, हसरी. तिसऱ्या सेटमध्ये मैथिलीचा एक चेंडू जाळीला टेकून अलगद अलीकडे पडला. नशिबाचा गुण. मैथिलीने रिवाजाप्रमाणे हात वर करून माफी मागितली. बाजू बदलताना दोघी जाळीच्या खांबापाशी आल्या, आणि ओजस्वीने रॅकेटची कड तिच्या तोंडावर मारली.

ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. मैथिली ओरडलीसुद्धा नाही, खाली बसली. तिचे दोन दात तांबड्या मातीत पडले. दुसरा फटका कानावर बसला, कान वरून फाटून लोंबला. तिसऱ्याला पंच मध्ये आले आणि त्यांच्या भुवईतून रक्ताची धार लागली. दमयंती धावली, मागून कवळ घालून पोरीला उचललं, तरी ती लाथा झाडत होती, डोकं मागे आपटत होती. दमयंतीचा ओठ दातावर चिरडला. मैथिलीची आई कोर्टावर गुडघ्यांवर रांगत लेकीचे दात शोधत होती.

त्या झटापटीत दमयंतीला एकच गोष्ट दिसली. मारण्याआधी ओजस्वीचा डावा खांदा कानाकडे चढत होता, जणू मागून काही येणार आहे. तो खांदा तिच्या ओळखीचा होता, पण कुठला, ते आठवेना.

कपडे बदलायच्या खोलीत ओजस्वी भिंतीला टेकून बसली होती. हाताचं रक्त धुवायला ती तयार नव्हती.

"का मारलंस?"

"माहीत नाही."

"राग आला?"

पोरीने रक्ताळलेल्या हाताकडे पाहिलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "हात आधी गेला मॅडम. राग मागून आला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला दत्तमंदिरात गुरुनाथबुवांचं कीर्तन होतं. दमयंती सुजलेला ओठ पदराआड धरून खांबापाशी बसली. तिला घरात बसवेना. पूर्वरंग संपला, आख्यान रंगात आलं. बुवांनी पद उचललं, सूर चढवला, उतरवला, आणि शेवटी नेहमीसारखा बारीक ठसका लागला. एकोणीस वर्षं ती तो ठसका ऐकत होती. आज मागे झांज धरून त्यांची शिष्या संपदा उभी होती, विशीतली. बुवांनी पुढचं पद तिला गायला लावलं. पोरीने गोड गायलं, आणि शेवटी तिलाही ठसका लागला. तिथेच. तसाच.

आरती झाली, बुक्का लागला, माणसं पांगली. दमयंती नवऱ्यापाशी गेली.

"तुम्हाला दमा नाही."

"नाही," बुवा म्हणाले. "का, हवा होता?"

"चेष्टा नको. मग पदाच्या शेवटी खोकता कशाला?"

बुवा फेटा सोडत होते, थांबले. "माझ्या गुरूंना होता दमा. त्यांच्या मागे सात वर्षं झांज धरली मी. आम्ही पाच शिष्य. पाचही जणांना ठसका लागतो. त्यांनी तो शिकवला नाही, आम्ही घेतला. मागे उभं राहून घेतलं की गाळून येत नाही गं. देवाचं नाव आलं त्याच श्वासात दमाही आला."

"आणि संपदा?"

"तिने तर त्यांना बघितलंही नाही. पोरीची छाती धडधाकट आहे." ते हसले, मग बायकोचा चेहरा बघून त्यांचं हसू मावळलं. "दमू, काय झालं?"

ती देवळाच्या पायऱ्या उतरून चालायलाच लागली, चपला तिथेच ठेवून.

केयूर प्रबोधिनीतच होता. तिने त्याला ते शंभर फटके काढायला लावले, वेळेसकट. शंभरच्या शंभर तिसऱ्या दिवशीचे, दुपारी चारनंतरचे. पडद्यावर प्रत्येक फटक्याच्या रेघा होत्या. चेंडू रॅकेटला लागण्याआधी पोटऱ्या आवळलेल्या, श्वास रोखलेला, जबडा घट्ट, डावा खांदा वर.

"हे टेनिसमध्ये कुठंच नसतं मॅम," केयूर म्हणाला. "आम्हाला वाटलं, हेच तुमच्या वेगाचं गुपित."

दमयंतीने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पोटऱ्या दिव्याकडे फिरवल्या. "हे गुपित."

तो बघत राहिला. मग खुर्चीत मागे टेकला. हुशार मुलगा होता, त्याला फार सांगावं लागलं नाही. आपण समजतो, मनात राग येतो आणि मग शरीर तापतं. निम्म्या वेळा ते उलट असतं. मेंदू क्षणोक्षणी शरीराची खबर घेत असतो: दात आवळलेत, श्वास अडकलाय, मुठी वळल्यात, म्हणजे नक्कीच कुणीतरी वाईट केलंय. मग तो इकडेतिकडे बघतो, ते कुणी केलं. जो जवळ सापडेल तो. वही उचलणारी बहीण. हात वर करून माफी मागणारी मैथिली. एका गरीब पोरीच्या अंगात रोज तीनशे वेळा मार खाल्लेल्या मुलीचा द्वेष भरला गेला होता, आणि कुणीही हात उचलला नव्हता.

"पुढच्या महिन्यात हेच शंभर फटके आणखी अकरा गावांत जाणार होते," केयूर पुटपुटला आणि त्याने ते पुसले. तिच्यासमोर, एकूण एक. "पण तिच्या अंगातलं कसं पुसायचं मॅम? तिथं बटण नाही."

दमयंती दुसऱ्या दिवशी सकाळी येमुलांच्या घरी गेली. दारातच उभं राहून तिने पद्माला सगळं सांगितलं. अप्पा, ट्यूब, तिसरी दुपार. पद्माने ऐकून घेतलं आणि तिच्या थोबाडीत मारली. सुजलेला ओठ पुन्हा फुटला.

"अजून मारा," दमयंती म्हणाली.

"मारून काय होणाराय? तुमच्या बापाला लागणाराय का ते?" पद्मा दारातच मटकन बसली. "माझी पोर मला परत द्या. टेनिस नको, काही नको."

"वाट आहे एक. धोक्याची आहे."

वाट अशी होती. दोन्ही बाह्या एकाच वेळी ऐकणाऱ्याही करता येत होत्या आणि देणाऱ्याही. म्हणजे नोंद केलेलं काही नाही. जे दमयंतीच्या अंगात त्या क्षणी घडेल ते ओजस्वीकडे, आणि ओजस्वीचं दमयंतीकडे. केयूरने हात जोडले होते. "दोघींचा राग एकमेकींत घुमत राहिला मॅम, तर वाढतच जाईल. कुणीतरी सोडल्याशिवाय उतरणार नाही."

"मी सोडेन."

"आणि नाही सुटला तर?"

तर तिचा हात उठेल, हे तिला ठाऊक होतं. लेकरावर. आयुष्यात पहिल्यांदा. पद्मा तयार झाली, पण त्या भीतीने ती सगळी रात्र दमयंती देवासमोर बसून होती. काही मागावं असं तिला सुचलं नाही.

सकाळी नऊ वाजता कोर्टावर चौघंच होती. पद्मा बाकावर, केयूर यंत्रापाशी. दमयंती जाळीच्या पलीकडे गेली नाही. ओजस्वीच्या शेजारी, हातभर अंतरावर उभी राहिली आणि तिला चेंडू टाकू लागली. दोघींच्या हातात रॅकेट, दोघींच्या अंगावर बाही.

पहिले पाच-सहा चेंडू नुसतं टेनिस होतं. सातव्याला दमयंतीच्या पोटऱ्या आवळल्या, आणि त्या तिने आवळल्या नव्हत्या. तिला धस्स झालं. ते धस्स होणं पलीकडे गेलं, ओजस्वीचा श्वास अडकला, तो अडकलेला श्वास परत इकडे आला. दोन आरशांच्या मध्ये दिवा ठेवावा तसं ते वाढत गेलं. अकरावा चेंडू ओजस्वीने जाळीत मारला.

जाळी हलली आणि दोघींचे डावे खांदे एकदमच वर चढले.

मागून ट्यूब आली नाही. पण ओजस्वी गर्रकन वळली, तिचे डोळे पांढरे झाले होते आणि रॅकेट डोक्यावर होती. फटका कुठून येणार ते दमयंतीला तो येण्याआधीच आपल्या हातात कळलं. तिने डावं मनगट आडवं घातलं. कड मनगटावर बसली, हाड कडकन मोडल्याचं दोघींना ऐकू आलं. पद्मा किंचाळली. दुसरा फटका गळपट्टीच्या हाडावर आला. वेदनेपाठोपाठ दमयंतीच्या अंगात जो जाळ उठला तो कुणाचा होता, पोरीचा, तिचा की अप्पांचा, हे देवच जाणे. पण तिने वर पाहिलं तर तिचा उजवा हात उंच होता आणि त्यात रॅकेट होती. खाली साडेबारा वर्षांचं डोकं. भांग वाकडा पाडलेला. कोंबडीच्या पिलासारखी मान आत ओढलेली.

हे असं दिसत होतं अप्पांना, तिला वाटलं. माझं डोकं.

हात खाली येत होता. तो तिच्या मनाने थांबणारा नव्हता, मनाचं तिथे काही चालत नव्हतं. तेव्हा तिने जिथे चालत होतं तिथून सुरुवात केली. दात सोडले. जबडा सैल पडला, तोंडातलं रक्त हनुवटीवर आलं. मग श्वास. अठ्ठावीस-तीस वर्षं छातीत धरून ठेवल्यासारखा तो श्वास तिने सोडला, लांब, आवाज करत, पोट खपाटीला जाईपर्यंत. खांदा उतरला. शेवटी बोटं. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. रॅकेट तिच्या पाठीमागे मातीत पडली.

समोर ओजस्वीचा तिसरा फटका अर्ध्यावर होता. तिचा जबडा सैल पडला. तिच्या छातीतून तोच लांब श्वास निघाला, तिलाही नवल वाटावं असा. मग तिची बोटं उघडली, एकेक, जणू कुणीतरी हलक्या हाताने उघडत होतं, आणि दुसरी रॅकेट खाली पडली.

पोर तशीच उभी राहिली. आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग दमयंतीच्या मनगटाकडे. ते नको त्या ठिकाणी वाकलं होतं.

"मॅडम," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दुखलं का?"

दमयंतीच्या तोंडात उत्तर तयार होतं, काही नाही झालं, चल. बेसलाइनवर उभं राहून तिने ते हजार वेळा दिलं होतं, कुणी विचारलेलं नसताना. ते तिने गिळलं.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखलं गं."

आणि ती खाली बसली आणि रडू लागली. मोठ्याने, नाक गळेपर्यंत, आठ वर्षांच्या मुलीसारखी. हुंदक्यागणिक तिची छाती हलत होती आणि समोर ओजस्वीची छाती हलायला लागली होती. पद्मा धावत आली आणि दोघींच्या मध्ये मातीत बसली. आधी कुणाला धरावं ते तिला कळेना, तिने दोघींना धरलं.

केयूर यंत्रापाशी उभा होता, बोट बटणावर. "मॅम, हे तिच्याकडे जायला लागलंय. बंद करू?"

"राहू दे," दमयंती म्हणाली. "हे जाऊ दे तिच्याकडे."